पुतळीमावशीने कापलेलं भात परत लावलं

खरं सांगते, मी हे लिहिणारच नव्हते. दोनदा लिहिलं आणि दोनदा डिलीट केलं, कारण ज्या हर्षदाताईकडून मला हे सगळं कळलं, ती म्हणाली होती की मावशीला आवडणार नाही. पण काल कॉलेजच्या ग्रुपवर परत त्या पिक्चरच्या शेवटावर चर्चा सुरू झाली. एवढ्या गाजलेल्या कादंबरीचा शेवट बदलायचा म्हणजे डायरेक्टरची काय हिंमत, काय व्हिजन, वगैरे वगैरे, आणि माझं डोकंच फिरलं. अरे व्हिजन कसलं! त्या शेवटाच्या मागे एक बाई आहे, तलासरीच्या डोंगराकडची, जिने आयुष्यात एक पुस्तक वाचलेलं नाही. पुतळी तिचं नाव. आता हर्षदाताई चिडली तर चिडू दे.

तर गोष्ट २०१७ ची. उधव्याच्या पुढे डोंगराला टेकून बारा-पंधरा घरांचा एक पाडा आहे, त्यातलं अगदी शेवटचं घर पुतळीचं. ओटीवर उभं राहिलं की खाली तिचं भाताचं खाचर दिसतं, तीन बाजूंना बांध आणि चौथ्या बाजूला ओहोळ. नवरा सुक्या, एकदम शांत माणूस, दिवसभरात मोजून दहा वाक्यं बोलणार. दोन मुली, दोघी लग्न होऊन गेलेल्या. पावसाळाभर आपली शेती करायची आणि दिवाळी झाली की दोघांनी डहाणूकडे चिकूच्या वाडीत कामाला जायचं, ते थेट पुढच्या पावसाच्या तोंडावर परत. वीस-पंचवीस वर्षं हेच. यात सांगण्यासारखं काय आहे, असं पुतळीच विचारते.

पण पाड्यात तिची एक ख्याती आहे. कापणी झाली की बाकीच्या बायका घरी जातात आणि पुतळी रिकाम्या खाचरात वाकून पडलेल्या लोंब्या वेचत बसते. एकेक लोंबी. शेजारची हिरी वरून ओरडते, "पुतळे, उंदरांना काय ठेवशील का नाय?" आणि पुतळी मान वर न करता म्हणते, "उंदीर रोपं लावायला, आवणीला आले होते काय?"

जुलैमध्ये एक दिवस या ओटीवर हर्षदा येऊन उभी राहिली. जवळच्या चिखले गावची पोरगी, चोवीस वर्षांची, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि हातात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक जाडजूड कादंबरी. तिचा पहिलाच पिक्चर, असिस्टंटची असिस्टंट. डायरेक्टरने सांगितलेलं, तू इकडचीच ना, मग शेत तू शोध. ती साठ वर्षांपूर्वीची कादंबरी आपल्यातल्या अर्ध्या लोकांना अभ्यासाला होती आणि तिचा शेवट सगळ्यांना तोंडपाठ आहे. नायिका घरादाराशी नातं तोडते आणि पिकून उभं राहिलेलं भात तसंच मागे टाकून निघून जाते, एकदाही वळून बघत नाही. परीक्षेत त्याला 'मुक्ती' लिहिलं की मार्क मिळायचे. म्हणजे शेवटच्या सीनला काय पाहिजे, तर उभं, पिवळं, वाऱ्यावर हलणारं भात.

हर्षदाने त्याआधी अकरा शेतं पाहिली होती. पुतळीचं बघितलं आणि ती थांबलीच, कारण या खाचराच्या बांधावरून एक पायवाट सरळ डोंगरात चढते. नायिका निघून जाताना भातामागून लांबपर्यंत दिसली असती.

"मावशी, भाडं ठरलंय, ते मिळेल. पण एक अट आहे," हर्षदा म्हणाली. "शूटिंग होईपर्यंत भात कापायचं नाही."

"कवा आहे तुमची शूटिंग?"

"दसरा झाला की लगेच."

"मंग हळवं लावते. ते लवकर पिकतं. दसऱ्याला पिवळं होईल."

"नक्की ना? माझी नोकरी आहे यावर, मावशी. मी डायरेक्टरना माझ्या जबाबदारीवर सांगणार आहे."

"पुतळीने सांगितलं ना," पुतळी म्हणाली. सुक्याने मान हलवली. झालं, करार पक्का.

मग दहा दिवसांसाठी हिरोईन आली आवणी शिकायला. रोप लावायचं कसं, पाय ठेवायचा कुठे, काही म्हणजे काही माहीत नाही. पहिल्या दिवशी चिखलात बसलीच. पुतळीने तिला ना मॅडम म्हटलं ना काही, सरळ दम दिला, "रोप पुढे, पाय मागे. लावताना माणूस मागे मागे जातो. पुढे गेलीस तर स्वतःच लावलेलं तुडवशील." तिसऱ्या दिवशी हिरोईनच्या बोटांना फोड आले. पुतळीने खोबरेल तेल लावून दिलं आणि परत खाचरात उतरवलं. कापणी शिकवायला जुलैत पिकलेलं भात कुठून आणणार? म्हणून बांधावरचं गवत कापायला लावलं. डाव्या मुठीत जुडी, अंगठा वर, विळा आपल्याकडे ओढायचा. अख्खा बांध हिरोईनने बोडका केला, सुक्याच्या बैलाची सोय झाली.

संध्याकाळी ओटीवर हर्षदा कादंबरी वाचून दाखवायची. हिरोईनला सराव, आणि पुतळी, हिरी, सुक्या ऐकायला. पुतळी कुळथाची डाळ निवडत ऐकायची आणि मध्येच थांबवायची.

"काय म्हणालीस? आषाढात नव्या तांदळाचा भात खाल्ला?"

"हो, असं लिहिलंय."

"आषाढात नवा तांदूळ आला कुठून?"

हर्षदाने वहीत लिहून घेतलं. दोन दिवसांनी दिवाळीच्या प्रसंगात मोहाची फुलं आली, तेव्हा हिरी एवढी हसली की तिला ठसका लागला. होळीला फुलणारा मोह दिवाळीत फुलला म्हणे! साठ वर्षं हे पुस्तक छापतायत, एवढ्या प्रोफेसरांनी शिकवलं, आणि कोणाच्याच लक्षात आलं नाही. हर्षदाने तेही लिहून घेतलं.

शेवटचं पान वाचून झालं तेव्हा हिरोईन डोळे पुसत होती. पुतळीचा हात सुपावर थांबला.

"मंग भात कोणी कापलं?"

"कोणीच नाही, मावशी. तिथे पुस्तक संपतं."

"संपेल कसं? भात तर उभं आहे."

हर्षदाने हे डायरेक्टरला फोनवर सांगितलं. तो खूप हसला. म्हणाला, तांदूळ बदलू, मोह बदलू, पण शेवटाला हात लावला तर लोक मला घरी येऊन मारतील.

दसऱ्याला भात खरोखर पिवळं झालं, पुतळीने सांगितलेलं तसंच. आणि मग फोन आला. पाड्यात रेंज फक्त डोंगरावरच्या एका खडकावर येते, तिथे चढून सुक्याने निरोप आणला. हिरोच्या तारखा बदलल्या, शूटिंग आठ दिवस पुढे.

आठ दिवस! पिकलेलं भात म्हणजे दाणा सुटायला लागतो. वाऱ्याने झडतो, पाखरं येतात. पुतळीने एक जर्मनची थाळी आणि चमचा घेतला आणि बांधावर बसली. पोपट आले की वाजवायची. पाड्यातल्या बाकीच्यांची कापणी सुरू झालेली, येणारा-जाणारा विचारायचा, "पुतळे, तुझं कापायचं नाय?" ती म्हणायची, "पिक्चरचं आहे." हिरी म्हणाली, "पिक्चर खाणार काय तू पुढे?" रोज संध्याकाळी पुतळी खाली पडलेले दाणे ओंजळीत घेऊन बघायची. रोज ओंजळ जास्त भरायची. ते भात म्हणजे त्यांचं पुढच्या होळीपर्यंतचं खाणं आणि पुढच्या वर्षीचं बियाणं.

सातव्या दिवशी वारा एकदम पडला. अंगाला घाम चिकटायला लागला. समुद्राच्या बाजूला आभाळ काळं झालं आणि चतुर अगदी जमिनीलगत उडायला लागले. परतीचा पाऊस. पुतळी खडकावर चढली, तीन वेळा हर्षदाला फोन लावला. हर्षदा तेव्हा वाणगावला ट्रकमधून सेटचं सामान उतरवून घेत होती, फोन तिच्या बॅगेत. पुतळी खाली आली ती सरळ विळा घेऊनच.

सुक्या म्हणाला, "शब्द दिलास तू."

"शब्द भाताचा दिला. पावसाचा नाय दिला."

तो विळा शोधायला गेला. हिरी हाक न मारता आली. तिघांनी मिळून अंधार पडायच्या आत अख्खं खाचर कापलं, पेंढ्या बांधल्या आणि घरात रचल्या, एवढ्या की चुलीपर्यंत जायला वाट उरली नाही. शेवटची पेंढी आत आली आणि पाऊस कोसळला.

वाचलं ना सगळं? पण पुतळीला काही बरं वाटेना. ती पेंढ्यांकडे पाठ करून बसून राहिली. सुक्याने भाकरी पुढे केली, तर म्हणाली, "त्या पोरीचं काय?"

सकाळी हर्षदा जीपमधून उतरली, धावतच बांधावर आली आणि थांबली. समोर नुसती धसकटं आणि चिखल.

"मावशी, हे काय केलंत?"

पुतळी खाली बांधावर आली.

"तुम्ही शब्द दिला होता." हर्षदा ओरडली नाही, तेच पुतळीला लागलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती बांधावर बसली, ओल्या गवतावर, आणि म्हणाली, "उद्या साठ माणसं येतायत इथे. मला उद्याच घरी पाठवतील. बाबांना मी सांगून आलेय की हेच काम करणार, बँकेची परीक्षा नाही देणार."

पुतळीने नुसतं बोट केलं. ओहोळापलीकडे लाहूचं खाचर होतं. त्याची कापणी राहिलेली, आणि रात्रीच्या पावसाने सगळं भात आडवं, चिखलात झोपलेलं. आजूबाजूला जेवढं उभं होतं तेवढं सगळं तसंच. पुतळीचंही तसंच झालं असतं, हे दोघींना दिसत होतं. पण त्याने हर्षदाची नोकरी थोडीच वाचणार होती?

तेवढ्यात वरून हिरी ओरडली, "आता काय, परत लावा!" आणि स्वतःच खदाखदा हसली.

पुतळी हसली नाही. तिने पायाने चिखल दाबून बघितला. मऊ होता. ती घरात गेली, एक पेंढी सोडून मूठभर काड्या घेऊन आली, आणि धसकटाच्या शेजारी अंगठ्याने दाबून काड्या चिखलात खोचल्या. जुलैत रोप लावतात अगदी तसंच. हात काढला. भात जरा कललं, पण उभं राहिलं. पिवळंधमक, लोंब्यांसकट.

"हर्षदा, तो कॅमेरा बघतो किती?"

"म्हणजे?"

"सगळं खाचर बघतो का थोडंच?"

हर्षदाने नाक पुसलं, उठली, अंदाज घेतला. "इथपासून त्या दगडापर्यंत. आत वीसेक पावलं."

"मंग रडतेस काय? बायांना हाक मार."

नऊ बायका आल्या. लुगडी खोचली आणि उतरल्या. बाहेर पेंढ्या आणून टाकायचं काम सुक्याचं. एकीने विचारलं, "दिवाळीच्या तोंडावर आवणी? कोणी बघितलं तर म्हणतील पाड्याला वेड लागलं." दुसरी म्हणाली, "पिक्चरवाल्यांचं लागलं." सुक्याने त्या दिवसातलं एकमेव वाक्य तेव्हा बोलून घेतलं, "मुळं नाय फुटायची हां, आधीच सांगतो." सगळ्या एवढ्या हसल्या की अर्धी ओळ वाकडी लागली.

हर्षदाही उतरली खाली. रोप पुढे, पाय मागे. आणि थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की प्रत्येक मूठ खोचताना दाणे झडतायत. चिखलात टपटप पडतायत. ती पुतळीकडे बघत राहिली. काल या दाण्यांसाठी मावशीने शब्द मोडला, आणि आज शब्दासाठी तेच दाणे स्वतःच्या हाताने चिखलात टाकतेय.

"मावशी, राहू दे. तुमचं सगळं भात जाईल."

"गप. वाकडं लावतेस, सरळ लाव."

तिसऱ्या प्रहरापर्यंत वीस पावलं उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या, माणसं आली, छत्र्या, वायरी, हे आणि ते. हर्षदाने डायरेक्टरला सगळं खरं सांगून टाकलं, तिला खोटं बोलता येतच नाही. त्याचा चेहरा लाल झाला. तो कॅमेऱ्याला डोळा लावून बराच वेळ बघत राहिला. मग नुसतं म्हणाला, "चालेल."

पहिला टेक, आणि वाऱ्याची झुळूक आली, एक अख्खा कोपरा आडवा. बायका धावल्या, परत उभा केला. दुसऱ्या टेकला कोणाचीतरी वायर अडकली. ऊन डोंगरामागे उतरायला लागलं. डायरेक्टर म्हणाला, "हा शेवटचा."

हिरोईन बांधावरून निघाली. पुस्तकात आहे तशीच, मान ताठ. पायाखाली झडलेल्या लोंब्या. चार पावलं गेली, पाच गेली, आणि थांबली. सगळे श्वास रोखून. ती वळली.

बांधावर पुतळीचा विळा पडलेला होता. तो तिथे असायलाच नको होता, पुतळी विसरलेली. हिरोईनने पदर खोचला, विळा उचलला, बसली आणि कापायला लागली. खोचलेलं भात, उपटलं तरी हातात आलं असतं, पण ती कापत होती. डाव्या मुठीत जुडी, अंगठा वर, विळा आपल्याकडे. एकेक मूठ लोंब्या एका बाजूला करून ठेवत गेली. एक ओळ संपली, पेंढी बांधली, बांधावर ठेवली, आणि मग डोंगराच्या वाटेने चढून गेली. डायरेक्टरचा हात वर गेलेला, तो खाली आलाच नाही. ती दिसेनाशी झाली तेव्हा कुठे तो 'कट' म्हणाला.

हिरोईन खाली आली ती रडतच. "सॉरी सर. मला नाही जाता आलं. जुलैत मीच लावलंय ते."

"पण पुस्तकात हे नाही," डायरेक्टर म्हणाला. रागावलेला नव्हता, गोंधळलेला होता.

मागून पुतळी म्हणाली, "पुस्तकवाल्याच्या घरी तांदूळ आयता येत असेल."

मग आधी कॅमेरामन हसला, मग सगळे, आणि शेवटी डायरेक्टरही. तरी त्याने उरलेल्या उजेडात पुस्तकासारखा एक टेक घेतलाच. पुढे मुंबईत सहा महिने दोन्ही शेवट लावून लावून बघितले. कोणता ठेवला ते तुम्ही पाहिलंयच.

पॅकअप झालं आणि पुतळी वेचायला बसली. हर्षदा तिच्या बाजूला बसली. मग हिरोईन आली, मग लाईटवाले दोघे. चिखलातून दाणे काढायचे, टोपलीत टाकायचे, ओहोळात धुवायचे. निम्मं तरी वाचलं. हर्षदाची नोकरी पूर्ण वाचली. धुता धुता ती म्हणाली, "मावशी, तुमचे उपकार मी कसे फेडू?" पुतळी म्हणाली, "टोपली तिरकी धर, वाहून चाललं सगळं."

मग पिक्चर काही वर्षं रखडला आणि शेवटी यावर्षी आला. हर्षदाने पुतळी, सुक्या आणि हिरीला बोईसरला थेटरात नेलं. शेवटी हिरोईन वळली तेव्हा अख्खं थेटर गप्प, बायका पदराने डोळे पुसतायत, हर्षदा तर हुंदके देतेय. पुतळी पडद्याकडे बघत तिच्या कानात कुजबुजली, "पेंढी ढिली बांधली ग तिने." मग पाट्या वर जायला लागल्या. हर्षदाने बोट दाखवलं, ते बघा, तुमचं नाव. पुतळीला वाचता येत नाही. तिने विचारलं, "हिरीचं आहे?" होतं. नऊही बायकांची नावं होती, हर्षदाने भांडून घातलेली. तेव्हा कुठे पुतळी टेकून बसली.

हर्षदाताई आता तिसऱ्या पिक्चरवर आहे. आणि तरी दरवर्षी कापणीला सुट्टी काढून पाड्यावर जाते, काहीही होवो. मी विचारलं तर म्हणते, "मी जे काही आहे ना, ते त्या वीस पावलांमुळे."

मला पुतळीमावशीसाठी सत्कार, शाल, नारळ काही नको. माझं एवढंच म्हणणं आहे की ज्यांना तो शेवट बघून रडू आलं त्यांनी जाऊन तिला भेटा. फार दिवस नाहीत. दिवाळी झाली की मावशी आणि सुक्याकाका चिकूच्या वाडीत कामाला जातील, मग घराला कडी. तलासरीहून उधव्याला जाणारी जीप मिळते, पुढे कोणालाही विचारा, पुतळीचं खाचर कुठलं. आत्ता कापणी चालू आहे आणि पाऊस अजून गेलेला नाही, एकेक हात कामाचा आहे. या रविवारी जा. जुने कपडे घालून जा.